वर्गाबाहेरचं बाकडं आणि सर्वांची संमती

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भावोजी अजूनही गोळी घेतली म्हणून सांगतात आणि खिशात ठेवतात का? आम्ही मजेत. सुट्टीत माहेरी जायचं म्हणून तुझ्या भावजयीने बॅगा आत्तापासूनच बाहेर काढून ठेवल्या आहेत आणि मी रोज त्यांना अडखळतो. (बॅगांचा विषय तूर्त इथेच ठेवू.)

पत्रास कारण, माझं यश. यंदा कॉलेजात हिशेबाच्या जोडीला मला ‘स्टेकहोल्डर मॅनेजमेंट’ शिकवायला दिलं. एखाद्या कामात ज्यांचं ज्यांचं काही अडकलेलं असतं, त्या सगळ्यांना सांभाळून घेण्याची ही विद्या. भावोजी म्हणतील, हे काय शिकवायचं? त्यांना म्हणावं, तुमच्या सोसायटीची शेवटची मीटिंग आठवा. प्राचार्यबाईंची अट एकच होती: मुलांनी प्रत्यक्ष काहीतरी करून दाखवलं तर विषय कायमचा माझा, नाहीतर जन्मभर जमा, खर्च आणि मी.

मग मी फळ्यावर चार चौकोन काढले. कोणाच्या हातात किती आहे आणि कोणाला किती पडली आहे, ते पाहून माणसं त्यांत बसवायची. प्रात्यक्षिक दिलं: आमच्या वर्गाबाहेरचं बाकडं हलवा. या बाकड्यावर हेडक्लार्क, ग्रंथपाल आणि पहारेकरी बसून अशा खणखणीत आवाजात गप्पा मारतात, की माझ्या मुलांना घसाऱ्यापेक्षा हेडक्लार्कच्या मेव्हण्याचा घटस्फोट जास्त पाठ झाला आहे. (चूक मेव्हण्याचीच आहे, असं माझं मत.)

जबरदस्ती नको, वरून हुकूम नको, असं मी बजावलं. प्रत्येकाला भेटा, त्याला काय हवंय ते विचारा आणि ऐकून घ्या. आता या कॉलेजात कोणी कोणाला असं विचारण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे एकेकाचा बांध फुटला. हेडक्लार्कना बाकड्याला पाठ हवी होती. ग्रंथपालांना पंखा. पहारेकऱ्याला ऊन चुकवून फाटक दिसायला हवं होतं, आणि ते नेमकं तिथूनच दिसतं. सफाईवाल्या मावशींना बाकडं कुठेही चालणार होतं, फक्त ते उचलायला त्या येणार नव्हत्या.

मुलं माझ्याकडेही आली. वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे ‘वकील’ म्हणतात. तिने येताना माझ्यासाठी कॉफी आणली, दूध कमी, साखर नाही, साय काढलेली. (हिला कसं कळलं? निरीक्षण! मीच शिकवलं.) मग विचारलं, सर, शिकवण्यासाठी आदर्श खोली कशी असावी? ताई, मी बोलत सुटलो, आणि वकीलबाईंनी मधे एकदाही तोंड उघडलं नाही. या पिढीत असा श्रोता मिळणं कठीण. शेवटी तिने एवढंच विचारलं, म्हणजे शांतता सगळ्यात महत्त्वाची ना? मी म्हटलं, प्रश्नच नाही. तिने लिहून घेतलं, मी खाली सही ठोकली.

तर आता बाकडं जागेवरच आहे. त्याला पाठ आली, वर पंखा आला, आणि हलला तो वर्ग. आम्ही मागच्या बाजूला, मोडक्या खुर्च्यांच्या कोठीत बसतो. खिडकी एकच, तीही भिंतीकडे उघडते, पण शांतता अशी की मुलांना झोप लागते. तक्रार कोणाचीच नाही. प्राचार्यबाईंनी माझीच सही मला दाखवून सांगितलं, की असं एकमत इथे पूर्वी कधी झालं नव्हतं. विषय कायमचा माझा! कोणी म्हणेल, मास्तरांची फजिती झाली. मी म्हणतो, मुलं तयार झाली. मास्तरांनाच गुंडाळतील इतकी तयार झाली. खरं सांगतो, त्या कोठीत पहिल्यांदा खडू हातात घेतला तेव्हा मला भरून आलं. (धूळही होती.)

भावोजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

माणसं सांभाळण्यात आता अधिकृतपणे पारंगत,
तुझा धाकटा

ता. क. हाच विषय सुट्टीत बाहेरच्या लोकांनाही शिकवावा, असं मुलांनी सुचवलं, प्राचार्यबाईंनी उचलून धरलं, आणि मी तिथल्या तिथे हो म्हणून बसलो. म्हणजे माहेर बारगळलं. तुझ्या भावजयीला हे अजून ठाऊक नाही. तिला चौकोनांत बसवून पाहिलं, एकातही मावत नाही. तू फोनवर सहज विषय काढशील का? ती रडली तर मला बघवत नाही, आणि नाही रडली तर जास्त भीती वाटते.

आणखी ता. क. पत्र तिच्या नजरेस पडणार नाही, निश्चिंत राहा. पेटीत मी स्वतः टाकणार आहे. पाकिटावर पत्ता तेवढा नेहमीप्रमाणे तिच्याकडून लिहून घेतो, माझं अक्षर पोस्टमनला लागत नाही.

वन्सं, नमस्कार. पत्ता लिहिता लिहिता आतलंही वाचलं. सुट्टीतल्या वर्गाचं मला ह्यांच्याआधी कळलंय. प्राचार्यबाईंकडे जाण्याआधी ती वकील आणि तिची मंडळी मला विचारायला घरी आली होती. एवढ्या वर्षांत एखादी गोष्ट ठरायच्या आधी मला कोणी विचारलं, फार बरं वाटलं. मी म्हटलं, वर्ग घ्या, पण आम्ही माहेरून आल्यावर. तारीख तशी बदलली आहे. ह्यांनी आपणहून सांगावं म्हणून मी गप्प होते. आणि कॉफी कशी लागते, मधे बोलायचं नाही, हे त्या मुलांना बाकड्याच्या वेळीच मी सांगितलं होतं. तुम्ही फोन मात्र कराच. ह्यांना म्हणा, ती मोठ्या मुश्किलीने तयार झाली, पण आधी माहेर. म्हणजे बॅगा तरी हे उचलतील.