विमान उलाळ झालतं

रविवार, दिवेलागण. माजलगाव.

आज माझं छोटं, हातानं सोडायचं विमान अप्पांच्या उसात पडलं. चुलते असून बांधावर उभं राहून हसत होते. "आता ते तोडणीलाच सापडंल," म्हणले. "बास कर हा पोरखेळ. लग्नाचं वय झालं तुजं." मी तशीच फडात घुसले. पात्यांनी हात चिरले, पण आणलंच शोधून. पंख शाबूत हायेत.

पण पडलं कावून? हातातून सुटलं, लगेच नाक वर, शेपूट खाली, आन धाडकन उसात. इंधनावरचं इंजिन काढून मी जुनी मोटर बसवली. बॅटरी लग्नाचं शूटिंग करणाऱ्याच्या मोडक्या ड्रोनची. नवं सामान परवडत न्हाई, म्हणून काय उडवायचंच न्हाई? मग चुकलं कुठं?

आत्ता पंखाखाली दोन बोटं लावून तोललं. परत तेच. नाक वर, शेपूट खाली. अगं, हे तर उलाळ झालतं! गाडीत मागं ऊस जास्त भरला की जू वर उचलतं आन बैलांना फास बसतो, हे मी लहानपणापासून बघते. जड इंजिन गेलं, हलकी मोटर आली, आन बॅटरी मी ठेवली मागं, टाकीच्या जागी. कावून, तर तिथं टाकी होती म्हणून! काय अक्कल माझी.

आता बॅटरी पार नाकात सरकवली. बोटांवर धरलं. सपाट राहिलं.

उद्या त्याच बांधावरून उडवणार, अप्पा उभे असतानाच. उसात काय बघायलाव, अप्पा? मान वर करा.