मामंजींना सगळे सिग्नल हिरवे लागले

तीर्थस्वरूप वन्संना भावजयीचा वाकून नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? भावजींचा खोकला? इकडे मामंजी खडखडीत बरे आहेत. (हे आधीच लिहिलं, म्हणजे पुढचं वाचताना तुमच्या पोटात गोळा यायला नको.)

मंगळवारी संध्याकाळी त्यांच्या छातीत कळ आली, घाम फुटला आणि बोलणं बंद झालं. (कळ त्यांना रोज कुठे ना कुठे येते; बोलणं बंद झालं म्हणून मी घाबरले.) तुमचे भाऊ कामावर, तेव्हा मीच अँब्युलन्स बोलावली आणि शेजारी बसले. रस्त्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. म्हटलं, आता देवच तारील. तर वन्सं, पहिल्या चौकात आम्ही पोचतोय तोच लाल दिवा हिरवा झाला. मला वाटलं, नशीब. दुसऱ्या चौकात तेच, तिसऱ्यातही तेच, आणि आडव्या रस्त्यावरच्या गाड्या मुकाट थांबलेल्या. ड्रायव्हर म्हणाला, यात नवल काही नाही. खांबांवरचे कॅमेरे गाड्या मोजतात, आमची गाडी कुठवर आली ते कॉम्प्युटरला कळतं आणि तो पुढची वाट आधीच मोकळी करतो. त्याला नसेल नवल, माझ्या अंगावर काटा आला. एवढं मोठं शहर, आणि कोण कुठला एक म्हातारा चाललाय म्हणून बाजूला सरतं. (माझ्या लग्नात माझ्यासाठीही कुणी एवढं सरकलं नव्हतं.)

मामंजींनी जन्मभर सिटी बस चालवली, निम्मं आयुष्य लाल दिव्यापुढे गेलं, हे तुम्हाला मी काय सांगावं. ते कोपरावर उठले आणि पुढच्या काचेतून बघत राहिले. डोळे भरलेले. मी हात धरला तर म्हणाले, "सूनबाई, सगळे हिरवे गं. कुठेच थांबायचं नाही." मला रडू आवरेना, वाटलं, ही निरवानिरवच. एवढ्यात त्यांना असा दणदणीत ढेकर आला की ड्रायव्हरनं दचकून आरशात पाहिलं.

डॉक्टर म्हणाले, हृदय तरण्या पोरासारखं आहे, पोटात वायू धरला होता. टॅक्सीनं परतलो, ते चौकाचौकात थांबत. मामंजी वाटभर लाल दिवे मोजत होते.

भावजींना नमस्कार सांगा, पण हे त्यांना एका दमात वाचून दाखवू नका, खोकला उसळेल.

तुमची भावजय

ता.क. मामंजी बरे आहेत हे खरंच, पण बुधवारपासून रोज संध्याकाळी, ऐन गर्दीच्या वेळी, त्यांना कळ येते. फोन मी लपवून ठेवते. तुमच्या गावात सिग्नलच नाहीत, तेव्हा महिनाभर त्यांना हवापालटाला न्याल का?

आणखी एक. तुमचे भाऊ म्हणतात, दोघांनाही ने म्हणून लिही. काल मामंजींना कळ आली तेव्हा, कुठे दुखतंय हे विचारायच्या आधीच मी केस विंचरून, पर्स घेऊन दारात उभी होते.