आईची खाट

४ मार्च १९७४
आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. वय पंच्याऐंशी. डॉक्टर म्हणतात, घरी नेऊ नका, महिनाभर इथेच ठेवून चालायला शिकवू. आता पाटी-पेन्सिल तेवढी द्यायची राहिली! विचारलं, नाहीच शिकली तर? म्हणाले, मग कायमची अंथरुणात. मी तरी दुसरं काय म्हणतोय? पण आमची बायको, यशोदा, डॉक्टरांच्या बाजूने, आणि आई म्हणाली, मी ऱ्हाती.

६ मार्च
व्यायाम घेणाऱ्या सुमेधाबाई जेमतेम चोवीसच्या. हुकूम सोडतात, आई ऐकते. माझं कधी ऐकलं नाही. मी कंपनीत टाइम स्टडीला, कोणत्या कामाला किती वेळ लागतो ते मोजणारा, खिशात स्टॉपवॉच असतंच. कॉट ते दार, बारा फूट: अकरा मिनिटं. म्हणजे दापोडीला घरी पोचायला, न थांबता, एकवीस दिवस. सुमेधाबाईंना कागद दाखवला. हसल्या नाहीत. आई म्हणाली, त्ये घड्याळ हितंच ठिव. म्हातारपणी मोह सुटत नाही. ठेवलं.

१२ मार्च
माणसाला दूरदृष्टी हवी. आई पडूनच राहणार, म्हणून गावाहून, निघोज्याहून, लोखंडी खाट मागवली. बेडपॅनही आणला. तिला उचलायला ताकद लागेल. उद्यापासून पहाटे पाचला जोर-बैठका.

१३ मार्च
सेकंड शिफ्ट होती. पाचला उठणं अमानुष आहे.

१५ मार्च
बैठका चार. पाचवी उद्या.

२२ मार्च
तेच बारा फूट, आई चार मिनिटांत. घड्याळ बिघडलंय. कंपनीत नेऊन तपासलं. बरोबर निघालं. कंपनीचंच बिघडलं असणार. आईला परत दिलं.

५ एप्रिल
आई उद्या येणार. खाट वरच्या मजल्यावर आमच्या खोलीत चढवायची होती. शेजारचा भीमराज म्हणाला, भाऊ, चौघं बोलावू. म्हटलं, पकड कशी घ्यायची ते मला शिकवू नकोस. सातव्या पायरीवर पाठीत कट्‌ झालं. खाट वर पोचली. मागून मी, भीमराजच्या पाठुंगळी.

६ एप्रिल
आई काठी टेकत चौदा पायऱ्या चढली. मी खाटेवर पडून काठीचे आवाज मोजले. डोळ्यांत पाणी आलं. पाठीची कळ, दुसरं काय?

८ एप्रिल
बेडपॅन वाया गेला नाही. यशोदाला म्हटलं, बघ, दूरदृष्टी. ती बेडपॅन धुवायला घेऊन गेली.

१५ एप्रिल
डॉक्टर म्हणाले, आता हिंडायला-फिरायला लागा. सांगितलं, पन्नाशीत शरीर ऐकत नाही. एवढ्यात आई आली. गळ्यात स्टॉपवॉच. म्हणाली, ज्योत्या, ऊठ, दारापत्तुर चालायचं. म्हटलं, आई, माझं वय झालं. तिने बटण दाबलं.
खाट ते दार, बारा फूट. चौदा मिनिटं.
घड्याळ बरोबर आहे.