चौथा कोपरा

प्रिय ताई,

आज तुझ्या देवळाचं छत उभं राहिलं. आपल्या जुन्या कॉलेजच्या हॉलमध्ये मॉडेल मांडून घरी आले आणि तडक लिहायला बसले, कारण तिथं जो तो तुझंच कौतुक करत होता आणि ते ऐकून माझा जळफळाट झाला. गेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. तू होतीस तेव्हा तरी मला तो कुठं आवरत होता!

दोघी आर्किटेक्ट, सात रस्त्याजवळ ऑफिसही एकच. पण येणारा प्रत्येकजण दारातूनच विचारायचा, मोठ्या मॅडम आहेत का? मोडनिंबजवळचं ते जुनं देऊळसुद्धा तुलाच सापडायचं होतं. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. ढीगभर फोटो काढून तू त्याचा एकेक दगड कॉम्प्युटरवर उभा केलास. मग तेच दगड लहान करून थ्रीडी प्रिंटरवर छापायचे आणि न चिकटवता रचायचे, म्हणजे जुन्या कारागिरांनी छत कसं तोललं ते कळेल, असा तुझा बेत.

छताचे तीन कोपरे झाले. चौथ्यात आग्या मोहोळ. तू तो रिकामाच ठेवलास. मी म्हटलं, अगं, समोरच्या कोपऱ्याला मिरर मार, त्याचीच उलटी नक्कल इथं बसव, कुणाला कळतंय? तर म्हणालीस, "न बघितलेला दगड मी मॉडेलात घालणार नाही." एवढं बोलून माझं तोंड बंद केलंस आणि मग ते आजारपण. भांडण असं अर्धवट टाकून कुणी जातं का गं?

तू गेल्यावर वाटलं, आता हे मॉडेल माझं. तुझे तीन कोपरे छापले, चौथ्याला मिरर मारला आणि घरी टेबलावर रचायला बसले. मधली कमळाची शिळा ठेवली की छत तिरकं होऊन खाली! पुन्हा छापलं, पुन्हा तेच. आई शेंगा सोलत बघत होती. म्हणाली, "ती म्हनली हुती न्हवं, बघून कर म्हनून?" रागानं जेवलेसुद्धा नाही मी. मेल्यावरही बरोबर तूच!

दुसऱ्या दिवशी गाडी काढून देवळात गेले. मोहोळ उठून गेलं होतं, कोपरा मोकळा होता. गुरवानं माझ्या मागं बघत विचारलं, "मोठ्या म्याडम न्हाय आल्या व्हय?" मी सांगितलं. तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "त्या लई वेळ खाली पडून वर बघायच्या." मग मीही पडले खाली, तुझ्याच जागेवर. फरशी गार होती.

आणि दिसलं. चौथा दगड आखूड होता. कारागिराला मापाचा मिळाला नसावा, म्हणून त्यानं खाली दगडाचीच एक पाचर ठोकून कसर भरून काढली होती. पाचरीनं तो कोपरा समोरच्यापेक्षा जरा वर उचललेला, आणि बाकीचे तिन्ही त्याच बेतानं बसवलेले. तिच्यावरच सगळं तोललेलं. ताई, हे मी बघितलं, तू नाही! आयुष्यात पहिल्यांदा तुझ्याआधी मला काही दिसलं. केवढा आनंद झाला म्हणून सांगू! फोन काढला तुला चिडवायला, आणि हातातच राहिला.

तो दगड आणि ती पाचर छापली. आज शिळा ठेवली, छत हललंही नाही. कॉलेजातले आपले सर म्हणाले, काय नजर होती हिची! सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पण डोलावली. काय करणार?

मॉडेलखाली नाव तुझं आहे. ते मी तसंच राहू देईन, वचन देते. पण कुणी आतून बघायचं म्हटलं, तर आधी माझी पाचर काढून दाखवीन, तुझे तिन्ही कोपरे कसे खाली येतात ते. मग सगळं पुन्हा रचीन. दर वेळी मीच रचीन, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही.

तुझ्यावर जळणारी,
धाकटी