सावंतकाकांची राखाडी फाईल

५ जानेवारी, सोमवार

सकाळी सावंतकाका आले. आधी ओळखलंच नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या रेवतीच्या लग्नाची फिल्म आपण केली होती. कॅमेरा धाकट्या भावाचा, मंदारचा; एडिटिंग माझं. तेव्हा ताठ माणूस होता. आता शर्ट खांद्यावरून लोंबतोय.

मालतीकाकू लग्नानंतर चार महिन्यांत गेल्या. कळलं होतं. भेटायला गेलो नाही आपण. मी तर मुद्दामच नाही.

रेवती बाळंतपणासाठी माहेरी आलीय, मकरपुऱ्याला. अठरा तारखेला डोहाळजेवण. आईचा मोठा फोटो लावायचाय तिला, लग्नातला. फिल्ममधून काढून देशील का, एवढं विचारायला काका दोन रिक्षा बदलून बडोद्याच्या या टोकाला, छाणीला आले. पेनड्राइव्ह रुमालात गुंडाळून आणला होता.

लावला. सगळं राखाडी. मांडव, फुलं, माणसं, सगळ्यांवर राख भुरभुरल्यासारखी. काकूंचा चेहरा तर…

काका पडद्याकडे न बघता म्हणाले, "तेव्हाच असा होता बघ चेहरा तिचा. मी शेजारी उभा होतो, वर्षा. तीस वर्षं सावली गावच्या कारखान्यात रंगाच्या शेड पास केल्या. बायकोची शेड नाही ओळखली."

मी म्हटलं, चहा करते. आत जाऊन नुसतीच उभी राहिले.

६ जानेवारी

इथे तरी खरं लिहावं.

लग्नात काकूंचा चेहरा राखाडी नव्हता. तो मी केला.

मंदारचा नवा कॅमेरा होता, एचडीआरवाला. उजेड जास्त, रंग जास्त. पण त्या फाईलमध्ये चित्राबरोबर एक माहिती असते, मेटाडेटा. हे रंग कुठल्या मापाचे, उजेड कसा उलगडायचा, ते टीव्हीला सांगणारी. फाईली फार मोठ्या झाल्या म्हणून मी दुसऱ्या फॉरमॅटमध्ये घेतल्या आणि ती माहिती पलीकडे गेलीच नाही. टीव्ही बिचारा साधी फाईल समजून दाखवतो. म्हणून राख.

काकांचा फोन आला होता तेव्हा. "वर्षा, रंग बरोबर नाहीत गं. शालूचा लाल असा नव्हता." मी काय म्हणाले ते शब्दन् शब्द आठवतंय. "काका, फाईल परफेक्ट आहे. तुमच्या टीव्हीचं सेटिंग बघा."

तेव्हा माहीत नव्हतं, हे खरं. महिन्याभराने दुसऱ्या एका पार्टीने तीच तक्रार केली, तेव्हा कळलं. त्यांची फाईल सुधारून दिली. पुढच्या सगळ्या नीट केल्या. काकांना फोन केला नाही. आज करू, उद्या करू, मग कळलं काकू आजारी आहेत. मग…

८ जानेवारी

मंदारला सांगितलं. कॅमेऱ्याची मूळ फाईल केव्हाच पुसली, म्हणाला. कार्डं पुढच्या लग्नाला वापरली. बरोबरच आहे, आपण तसंच करतो.

"ताई, जवा दे ने, जाऊ दे. एक फोटो हवाय ना त्यांना? रंग भरून दे हाताने."

"आणि ते जे स्वतःला दोष देत बसलेत?"

"तू सांगितलंस तर काय, काकू परत येणार आहेत?"

दुपारभर जुन्या हार्ड डिस्क काढत बसले. पेनड्राइव्हवरची फाईल निकामी आहे. तीत रंगाच्या पायऱ्याच कमी, रंग ताणला की गालावर पट्टे येतात. पण मी स्वतःसाठी एक जड कॉपी ठेवायचे, सगळ्या पायऱ्यांसकट. ती सापडली तर फक्त हरवलेली माहिती परत लिहायची. चित्राला हात लावावा लागणार नाही.

तिसरी डिस्क नुसती टकटक करते, उघडत नाही. ती मंदारच्या मित्राकडे दिली, फतेहगंजला.

९ जानेवारी

काकांचा फोन. "घाई नाही गं. मिळाला फोटो तर बघ." मी विचारलं, काकूंची लग्नातली साडी आहे का अजून? रंग जुळवायला. आहे म्हणाले, सोमवारी आणतो.

१० जानेवारी

डिस्क उघडली. फाईल आहे. पूर्ण, दोन तास अकरा मिनिटं. रंगाच्या माहितीचे रकाने कोरे, अगदी अपेक्षेप्रमाणे. पायऱ्या सगळ्या शाबूत.

आनंद व्हायला हवा होता.

१२ जानेवारी, सोमवार

काका साडी घेऊन आले. जांभळी, काठ मोरपंखी. कागदात नीट घडी. मी ट्यूबखाली उलगडली तर म्हणाले, "तिथे नको. ट्यूबखाली जांभळा खोटं बोलतो. खिडकीपाशी धर." मग स्वतःच धरली, खूप वेळ. बोटं काठावर फिरत होती.

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही अजून जाता का हो कारखान्यात? रिटायर झाल्यावरही बोलवायचे ना शेड बघायला?"

"सोडलं. ती फिल्म बघितली ना, टीव्हीवाल्याला दोनदा बोलावलं. तो म्हणे टीव्ही बरोबर आहे. तू म्हणालीस फाईल बरोबर आहे. मग राहिलं काय? माझे डोळे. डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू लहान आहे, थांबू शकता. मी काढून घेतला. तरी फिल्म तशीच दिसली. मग म्हटलं, आता दुसऱ्याच्या मालावर सही करायला नको."

हे सगळं साध्या आवाजात. जसं काही बस चुकल्याचं सांगतायत.

आणि तेव्हाही मी सांगितलं नाही. साडी ठेवून घेतली आणि "सारू, काका, आवजो" म्हणाले. गिऱ्हाइकाला निरोप देताना म्हणतात तसं.

१३ जानेवारी

केलं. कॅमेरा कुठला, मोड कुठला, मंदारच्या वहीत होतं. तेच रंगाचं माप, तीच उजेडाची रीत फाईलवर परत लिहिली. पाच मिनिटांचं काम. दोन वर्षं पाच मिनिटांसाठी.

मोठ्या मॉनिटरवर लावली. मांडव पेटल्यासारखा उजळला. शालू लाल, खरा लाल. साडी खिडकीत धरली, पडद्याकडे बघितलं, परत साडीकडे. जांभळा तोच. मोरपंखी तोच. काकूंचे गाल चांगले, तजेलदार. हसतायत. मला रडू आलं, मंदारला हाक मारली.

मग पाठवणीचा क्लोजअप आला.

काकूंचे डोळे पिवळे. हळदीचा पिवळा नाही, मांडवाचा नाही. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळट. त्याच चौकटीत रेवती, त्याच उजेडात, गालाला गाल लावून. तिचे डोळे पांढरे स्वच्छ.

काविळीचा पिवळा. लग्नानंतर दोन महिन्यांनी यकृताचं दुखणं निघालं त्यांचं.

राखाडीत दिसत नव्हतं. माझ्या चुकीखाली झाकलं होतं.

१४ जानेवारी

उत्तरायण. सगळी सोसायटी गच्चीवर, सकाळपासून भोंगे आणि पतंग कापला की "काप्यो छे". आईने दोनदा वर बोलावलं. तिळाची चिक्की खाऊन खाली आले.

मंदार मागोमाग आला. "पिवळा काढून टाक ना. फक्त डोळे. दोन मिनिटांचं काम आहे, नवऱ्या मुलींचे आपण रोज करतो."

खरं आहे, रोज करतो.

करूनही बघितलं. एकदम बेमालूम. काकू निरोगी, सुखी, लेकीला मिठी मारतायत. आता दोन फाईली आहेत डेस्कटॉपवर. एकीला नुसतं 'सावंत' नाव दिलं, दुसरीला काय द्यावं कळेना.

म्हणजे आधी चेहरा निरोगी होता तिथे आजारी दाखवला. आता डोळे आजारी आहेत तिथे…

१५ जानेवारी

वासी उत्तरायण, सणाचा दुसरा दिवस, दुकानं बंदच. फोटो काढला डोहाळजेवणासाठी. सगळी फिल्म चौकट-चौकट बघून निवडला. काकू मान खाली घालून हसतायत, रेवतीच्या हातात नारळ देताना. डोळे झाकलेले. छान फोटो आहे. मी तो का निवडला, ते मला माहीत आहे.

१६ जानेवारी, शुक्रवार

काका आले. बसायच्या आत सांगितलं. मंदार बाहेर निघून गेला.

सगळं सांगितलं. माहिती गळाली, चूक माझी, महिन्यात कळलं होतं, फोन केला नाही. तुमचे डोळे बरोबर होते. पहिल्या दिवसापासून.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे रंगाचा ड्रम तोच, वरचं लेबल गेलं. आणि दुकानदाराने भलत्या पाण्यात कालवलं."

"हो."

"लेबल फाटलं तर ड्रम बाजूला ठेवायचा, वर्षा. माल पाठवायचा नाही. पहिल्या आठवड्यात शिकवतात." ओरडले नाहीत. ओरडायला हवं होतं.

हात गुडघ्यांवर ठेवले. मग चेहरा सैल पडला हळूहळू, इतक्या दिवसांत पहिल्यांदा बघितला तसा. "म्हणजे ती तेव्हा बरी होती. माझं काही चुकलं नव्हतं."

विचारलं नाही त्यांनी. सांगितलं.

मी म्हटलं, "चेहऱ्याचा रंग छान होता, काका." शब्द खरे आहेत. शोधून काढलेले.

फोटो बघून खूश झाले. फिल्म इथे बघायला नको म्हणाले, घरी रेवतीबरोबर बघतो. नवा पेनड्राइव्ह द्यायचा होता. दोन्ही फाईली समोर. आता परत खोटं नाही, एवढंच मनात होतं, आणि तेही धड नाही, कारण पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. खरी फाईल दिली. डोळ्यांबद्दल काही बोलले नाही. शेड ओळखणाऱ्या माणसाच्या हातात ती फाईल दिली आणि फाटकापर्यंत सोडायला गेले.

जाताना म्हणाले, "सोमवारी कारखान्यात फोन करतो. बघू, अजून घेतात का."

१७ जानेवारी, शनिवार

सकाळी मंदार: "कुठली दिलीस?" सांगितलं. चार्जर गुंडाळत बसला.

साडेअकराला रेवतीचा फोन. आधी आवाजात हसूच होतं. "वर्षाताई, काय सुंदर दिसतेय आई! काल संध्याकाळी सगळी बघितली आम्ही. बाबा पण हसत होते. टाळ्या वाजवल्या त्यांनी माझ्या एंट्रीला." मग थांबली. "पण सकाळपासून एकाच ठिकाणी थांबवून बसलेत. पाठवणीला. जेवायला उठत नाहीत. मगाशी मला टीव्हीजवळ उभं केलं, माझ्या डोळ्यांत बघितलं, मग पडद्यावर बघितलं. म्हणाले, तुझे पांढरे आहेत. मी म्हटलं, म्हणजे काय बाबा? तर परत बसले. पडदे पण उघडून टाकलेत सगळे. ताई, काय बघतायत ते?"

मी म्हटलं, त्यांना फोन दे.

मागे तिचा आवाज आला, "बाबा, वर्षाताई आहेत." मग काकांचा आवाज, लांबून, फोनवर नाहीच. "तिला विचार, हा पिवळा फाईलमधला आहे की तुझ्या आईचा."

रेवतीने परत फोन कानाला लावला. "ऐकलंत? काय सांगू?"

फाईलमधला, एवढं म्हटलं असतं तर संपलं असतं. विश्वास ठेवला असता त्यांनी, एकदा ठेवला होताच. उद्या डोहाळजेवण आहे तिचं, सातवा महिना आहे, आणि ती फोन हातात धरून उभी आहे.

"मी येते," म्हटलं. "काही सांगू नकोस. मीच येते."

मंदारने स्कूटरची किल्ली काढून दिली. सोबत येऊ का म्हणाला. नको म्हटलं. मकरपुऱ्यापर्यंत अख्खं बडोदे ओलांडायचं, पाऊण तास तरी लागेल. हे लिहून निघते. काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.