आधी बॅटरी काढा

२ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. हल्ली मी सकाळी फोन कपाटात कोंडते आणि किल्ली खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे देते. ती संध्याकाळी परत मिळते. घरून काम करणाऱ्याने लक्ष कसं टिकवावं, यावरच्या एका ऑनलाइन वर्गात हा उपाय सांगितला होता. त्याआधी मी पहाटे उठण्याचा वर्ग केला. सध्या कामांचा क्रम कसा लावावा, हा चालू आहे. भिंतीवर चार रंगांचा तक्ता लावलाय, टेबलावर दर अर्ध्या तासाने कोकलणारं घड्याळ आहे. काम कसं करायचं ते आता मला इतकं उत्तम येतं, की काम करायला वेळच उरत नाही.

पण काम आलंय, आणि चांगलं मोठं. छोट्या दुकानदारांसाठी विजेवरच्या सायकलींच्या दुरुस्तीचा अभ्यासक्रम आहे, तो आपल्या भाषेत आणायचा. पहिल्यांदा मनात तूच आलास. प्रत्येक धडा झाला की तुला पाठवू का? वाचून कळतं का, एवढंच सांग. नोकरी सोडल्यापासून माझं लिहिलेलं कोणी वाचतच नाही रे. समोर भिंत, मागे भिंत.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो पत्रातूनही कळू दे.

तुझी,
ठकी

९ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

पोस्टमनने पत्र हातात दिलं तेव्हा तुझी वहिनी आधी खुर्चीवर बसली आणि मग तिने मला उघडायला सांगितलं. पुढच्या वेळी पाकिटावरच लिहीत जा, की सगळे खुशाल आहेत.

धडे पाठव. पण एक सांगतो, विजेची सायकल दुकानात आली की मी तिला हात लावत नाही, नम्रपणे पुढचा रस्ता दाखवतो. तीस वर्षं चेन, टायर, ब्रेक यांत गेली. ज्याला तेल घालून भागत नाही ते यंत्र माझ्या जातकुळीतलं नव्हे. आता या वयात शाळेत बसलो तर पाटीच डोक्यात घालून घेईन. तुझ्यासाठी वाचतो, शिकण्यासाठी नाही, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं.

घड्याळाला कोकलू देऊ नकोस, शेजारी राहतात. जेवणाच्या वेळा सांभाळ. आमचा जीव तुझ्यात आहे, हे काही दर पत्रात लिहिणार नाही.

तुझा,
दादा

१५ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सोबत पहिले दोन धडे. तू वाचणार म्हटल्यावर काय झालं कोण जाणे, सकाळी टेबलाशी बसले ती दुपारी पोटात कावळे ओरडायला लागल्यावरच उठले. तक्त्याकडे बघितलंसुद्धा नाही. पहाटे उठणंही सोडलं. पाच वाजता उठून मी फक्त पाच वाजता उठले याचं कौतुक करत बसायचे.

अभ्यासक्रमाच्या संपादकबाई कडक आहेत. भाषा भारदस्त हवी आणि मूळ वाक्यांचा क्रम हलवायचा नाही, अशी त्यांची ताकीद आहे. त्यामुळे काही शब्द जरा सोवळ्यातले वाटतील. सांभाळून घे.

आणि तुझ्या दुकानाचं काय चाललंय? चार ओळींत तू माझ्या जेवणाची चौकशी केलीस आणि दुकानाबद्दल अक्षर काढलं नाहीस. ओळखते मी तुला.

उत्तराची वाट बघत,
ठकी

२२ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

धडे वाचले. ‘गतिरोधक तरफ’ म्हणजे ब्रेकचं हँडल हे मला दुसऱ्या दिवशी चहा पिताना उमगलं. ‘ऊर्जासंचय’ म्हणजे बॅटरी, हे तुझ्या वहिनीने ओळखलं. बॅटरीला बॅटरी म्हणालीस तर तुझ्या संपादकबाई रागावतील का? गिऱ्हाईक माझ्याकडे येऊन ऊर्जासंचय क्षीण झाला असं म्हणालं, तर मी डॉक्टरचा पत्ता देईन.

पण एक कबूल करतो. मोटर कधी चालू व्हायचं ते कशावरून ठरवते, ते तू ज्या परिच्छेदात सांगितलंस, तो मी तीनदा वाचला. पायडलशी एक छोटं यंत्र असतं, पायडल फिरलं की ते मोटरला सांगतं. एवढंच? मला वाटायचं आत काहीतरी जादूटोणा आहे.

आपल्या गल्लीतल्या नर्सबाई परवा त्यांची विजेची सायकल घेऊन आल्या. चढावर दम तोडते म्हणाल्या. मी नेहमीप्रमाणे पुढचा रस्ता दाखवायला हात वर केला आणि तो तसाच खाली आणला. सायकल ठेवून घेतली आहे. पुढचे धडे लवकर पाठव.

दुकान ठीक आहे. जेवतेस ना?

तुझा,
दादा

३० मार्च

प्रिय ठकी,
सप्रेम नमस्कार आणि आशीर्वाद.

पाकिटावर सगळे खुशाल आहेत असं मी लिहिलेलं नाही, पण घाबरून जाऊ नकोस. यांच्या उजव्या हाताची दोन बोटं चेनमध्ये सापडली. टाके पडले आहेत, बोटं शाबूत आहेत. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. नर्सबाईंची सायकल उलटी टांगून हे एका हाताने पायडल फिरवत होते आणि दुसरा हात चेनवर होता. मोटर एकदम चालू झाली. बॅटरी काढायची राहिली होती.

तुला कळवायचं नाही असं त्यांनी मला बजावलंय. म्हणून लगेच कळवते आहे. आणखीही एक गोष्ट ते सांगणार नाहीत. मोठ्या रस्त्यावर सायकलींचं काचेचं शोरूम झालंय. तिथे गिऱ्हाइकांना सायकली दाखवायला माणूस हवाय, मे महिन्यापासून. यांना विचारलंय. दुकानात दिवसदिवस कोणी फिरकत नाही, जे येतात ते विजेच्या सायकली घेऊन. हे जवळजवळ हो म्हणून आले होते. तुझे धडे यायला लागले आणि त्यांनी विचार करायला वेळ मागून घेतला. परवा मात्र बँडेज बांधलेला हात मांडीवर ठेवून म्हणाले, की झालं ते बरंच झालं, आता प्रश्नच मिटला.

तुझं चुकलं असं कोणी म्हटलेलं नाही. तूही म्हणू नकोस. स्वतःला जप.

तुझी,
वहिनी

४ एप्रिल

ती. दादा आणि सौ. वहिनी,
शि. सा. न. वि. वि.

वहिनीचं पत्र वाचलं आणि काकूंकडून किल्ली आणून लगेच फोन केला. पण तू दोन वाक्यं बोललास आणि हवापाण्यावर गेलास, म्हणून पुन्हा लिहिते.

तुझ्या मागच्या पत्रानंतर पाठवलेला तिसरा धडा काढून बघितला. मी लिहिलंय, ‘साखळीची तपासणी करताना पायडल हाताने फिरवून पाहणे आवश्यक असून, तत्पूर्वी ऊर्जासंचय काढून ठेवणे अनिवार्य आहे.’ माणूस वाक्याच्या मध्यापर्यंत पोचला की हात पायडलवर जाणारच. माझं ‘तत्पूर्वी’ तुझ्या बोटांनंतर आलं. मूळ वाक्य तसंच होतं हे खरं, पण मी डोळे मिटून उतरवलं हेही खरं.

घरी बसून असली कामं करणं मला झेपणारं नाही असं वाटतंय. नोकरीत माझं लिहिलेलं तपासायला दोन माणसं होती. जुन्या ऑफिसात विचारून बघते, कदाचित परत घेतील. तुझ्या हाताकडे लक्ष दे.

ठकी

१२ एप्रिल

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर तुझ्या वहिनीचं, शब्द माझे. ती मध्येमध्ये स्वतःचे घालते, ते ओळखून सोडून दे.

पहिली गोष्ट, मी तो धडा उभ्याने वाचत होतो, एक डोळा रस्त्यावर ठेवून. तेव्हा सगळं ओझं एकटीने उचलू नकोस. दुसरी गोष्ट, तू ऑफिसात परत जायचं ठरवलंस, मी शोरूममध्ये जायचं ठरवलं, आणि दोघांचं कारण एकच, बोटं माझी. माझ्या बोटांना एवढा मान या जन्मात मिळाला नव्हता.

ते वाक्य बदल. मग चौथा धडा पाठव. शोरूमवाल्यांना मी महिनाअखेरपर्यंत थांबायला सांगितलंय. नर्सबाईंची सायकल अजून टांगलेलीच आहे. रात्रपाळीला त्या चालत जातात, आणि दुकानावरून जाताना मला काही बोलत नाहीत. ते जास्त लागतं.

(ऑफिसचा अर्ज पाठवू नकोस. हे वाक्य माझं आहे. वहिनी.)

तुझा,
दादा

२५ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सोबत बदललेले जुने धडे आणि नवे तीन. तिसऱ्या धड्याचं पहिलं वाक्य आता असं आहे: ‘आधी बॅटरी काढा. काढून लांब ठेवा. मगच सायकलला हात लावा.’

संपादकबाईंना भेटायला स्वतः गेले. त्या म्हणाल्या, की हे वाक्य पोरकट वाटतं. मी त्यांना तुझी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी आधी विचारलं, की भावाची बोटं हलतात का. मी म्हटलं, दुखतात, पण हलतात. त्यांनी मूळ धडा मागवला आणि त्यातही ते वाक्य पहिलं करायला लावलं. आता सगळ्याच भाषांत ते पहिलं येणार. जाताना हळूच म्हणाल्या, ‘ऊर्जासंचय’ही काढून टाकलंत तरी चालेल.

तक्ता भिंतीवरून काढलाय. सकाळी चहा झाला की तुला काय कळणार नाही असा विचार करत बसते, आणि लिहून होतं. जुन्या ऑफिसला काही लिहिलं नाही. तुझं काय ठरलं ते मात्र सांगशील ना?

तुझी,
ठकी

१६ मे

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर माझंच आहे. जरा लंगडतंय, चालवून घे.

नर्सबाईंची सायकल एप्रिल संपता संपताच चालू झाली. बिघाड कसला, तर पायडलजवळची एक वायर सैल. बॅटरी काढून लांब ठेवली होती, इतकी लांब की नंतर शोधावी लागली. बाई चढ चढून वर गेल्या, तिथून वळून हात हलवला आणि थेट कामावर गेल्या. मी संध्याकाळी शोरूममध्ये जाऊन नाही म्हणून आलो. तिथला साहेब भला माणूस आहे. तुमच्याकडे विजेची दुरुस्ती होत असेल तर आमची गिऱ्हाइकं पाठवू का, असं त्यानेच विचारलं.

त्यामुळे आता दुकानात पाय ठेवायला जागा नाही. येईल त्याला मी उद्या या म्हणतो, आणि उद्या सगळे एकदम येतात. प्रत्येक सायकलला वार लिहिलेली चिठ्ठी बांधायची तुझ्या वहिनीची युक्ती आता मान्य करावी लागली. दुकान वेळेवर बंद कसं करायचं याचा एखादा वर्ग तू केला असशील, तर तोही पाठव. वहिनी फी भरायला तयार आहे.

रविवारी सकाळी आजूबाजूचे चार दुकानदार येतात. तुझे धडे मी मोठ्याने वाचतो. अडलं की चौघं मिळून अर्थ लावतात, पण हल्ली अडत नाही. समोरचा पंक्चरवाला, ज्याच्याशी माझं आठ वर्षं बोलणं नव्हतं, तो परवा म्हणाला, की हे लिहिणारा माणूस कधीतरी आपल्यासारख्या दुकानात बसलेला दिसतोय. मी म्हटलं, माणूस नाही, आमची धाकटी आहे, आणि ती दुकानात यायची ती फक्त घंट्या वाजवायला.

मग माझ्या लक्षात आलं, की एवढा सगळा अभ्यासक्रम लिहिलास आणि विजेच्या सायकलवर तू एकदाही बसलेली नाहीस. या रविवारी ये. नर्सबाईंनी त्यांची सायकल द्यायचं कबूल केलंय. लहानपणी तुला शिकवताना मी मागून धरून धावायचो, तसं आता जमणार नाही. गुडघे बोलतात, आणि ही सायकल माझ्यापेक्षा जोरात पळते. मी दुकानाच्या दारात उभा राहीन. तू चढ चढून वर जा आणि परत ये.

वाट बघतो,
दादा