कडेची घरं

३ मार्च

नवा कम्प्युटर आला. आता ठिपके तोच देणार म्हणे! दोन वर्षं मी डोळे फोडले त्याचं काय?

माझं काम घरात कुणाला सांगून पटत नाही. ताटलीत तेलाचा पातळ थर, खालून आच. तेल आपोआप घरं पाडतं, मधाच्या पोळ्यासारखी. बहुतेक सहा कोनांची. आच वाढली की बिनसतं — मधेच पाच कोनांची, सात कोनांची निघतात, सरकतात, एकमेकांना गिळतात. त्या गोंधळाला काही नियम आहे का, ते आमच्या प्रयोगशाळेचे साहेब शोधतात. फोटोवर पाचाला लाल ठिपका, साताला निळा, हे मी करते. चौथी नापास बाईला सातापर्यंत मोजता येतं म्हणून ठेवलीय — हे साहेबांचंच बोलणं, माझ्यासमोर, पाहुण्यांना हसवायला.

५ मार्च

तेच शंभर फोटो मला आणि कम्प्युटरला दिले. कडेच्या घरांवरून वाजलं. मी तिथे ठिपके दिले, त्याने एकही नाही. साहेब म्हणाले, बाई, वय झालं, चष्मा बदला. त्यांच्या हाताखाली शिकणारी लंबू फोटो आवरू लागली. पोरीला सगळं कळतं, पण तोंडात मिठाची गुळणी!

६ मार्च

चष्मा बदलणार नाही.

११ मार्च

साहेब खुशीत. ताटलीच्या कडेला गोंधळ होतच नाही, हा म्हणे नवा नियम सापडला. त्यावर लेख लिहिलाय. मला महिनाअखेर सुट्टी — कायमची.

लंबूला हाताला धरून ताटलीपाशी नेलं. कडेच्या घरावर बोट रोखलं. मोज म्हटलं. पाच. परत मोजलं, पाचच.

"मावशी, मग त्याला का दिसत नाही?"

मला काय विचारतेस, म्हटलं, शहाणा तुमचा आहे.

१३ मार्च

लंबूने शोधून काढलं. कम्प्युटरला आधी कुणीतरी ठिपके दिलेले फोटो दाखवून शिकवावं लागतं. मग याला शिकवलं कुणी? तिने खोकं पुढ्यात सरकवलं. माझेच फोटो! डिसेंबरातले सहाशे.

डिसेंबरात धाकटी बहीण इस्पितळात होती. भेटायची वेळ चार ते पाच. तिथे पोचायचं म्हणून मी मधली घरं उरकून कडा तशाच सोडायची. रोज. कोण बघतंय, म्हटलं.

बहीण गेली. कडा राहिल्या.

१४ मार्च

गप्प बसले तर खोटा नियम छापून येईल. बोलले तर दोन वर्षांचं सगळंच काम नासकं म्हणतील, आणि काय चुकीचं म्हणतील? लंबूची पदवी याच फोटोंवर आहे. तिलाच विचारलं, काय करू? म्हणाली, सांगा.

१६ मार्च

सांगितलं. साहेबांनी उठून दार लावलं. दोन वर्षं माझ्या चुका काढणारा माणूस! म्हणाला, "बाई, तुमच्या हातून चूक होणंच शक्य नाही." लेख कालच छापायला गेलाय.

माझी नोकरी पक्की. सोमवारपासून फोटो कडा कापून येणार.